प्रकल्प नोंदी : जुन्या डायल-अप आणि लीज्ड लाइन दरांचा परिवर्तक

६ जानेवारी २०२५

काम सुरू केलं. दर म्हणजे इथे पैसे नाहीत, बिट वाहण्याचा वेग. डायल-अप म्हणजे मोडेमने (संगणकाचे बिट फोनवरच्या सुरांत बदलणारं यंत्र) नंबर फिरवून केलेली जोडणी, आणि लीज्ड लाइन म्हणजे भाड्याने घेतलेली, कायम जोडलेली लाइन. १९६० ते २००० या काळातले नेटवर्कचे आराखडे, मोडेमच्या नोंदी, जुन्या नियमपुस्तिका वाचताना दर वेगवेगळ्या वेशात समोर येतात. एके ठिकाणी ‘२४०० बॉड’, दुसरीकडे ‘२४० सीपीएस’ (सेकंदाला अक्षरं), तिसरीकडे ‘५६के’, पुढच्या पानावर ‘फ्रॅक्शनल टी१, ६ चॅनेल’ (टी१ या २४ चॅनेलच्या डिजिटल लाइनचा एक भाग). यांपैकी कुठलाही टाकला की दुसऱ्या कुठल्याही दरात बदलून मिळावा, आणि फाइलचा आकार दिला तर वेळही कळावी, एवढं हवं आहे.

साधे एकक-परिवर्तक इथे पुरत नाहीत. ते दोन आकड्यांचा भागाकार करतात: टी१चे १५,४४,००० भागिले मोडेमचे २८,८०० म्हणजे ५३.६. गणित बरोबर आहे, पण एका टी१वर २८,८००चे ५३ कॉल कधीच बसले नाहीत, २४च बसले. आकडा तारेवर कुठे मोजला आहे हे त्याच्यासोबत नेलं नाही तर रूपांतराला अर्थ राहत नाही. या साधनाचा सगळा आराखडा याच एका गोष्टीभोवती बांधायचा आहे.

पायाभूत एकक ठरवलं: सेकंदाला एक बिट. किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे १०,००,०००. १,०२४चा संबंध मेमरीशी, कारण तिचे पत्ते दोनच्या घातांनी वाढतात. तारेवरचा दर घड्याळाच्या ठोक्यांवर ठरतो. घोळ येतो तो फाइलच्या बाजूने. ‘१.४४ मेगाबाइट’ची फ्लॉपी म्हणजे १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट. तिच्यातला मेगा १०,००,०००चाही नाही आणि १०,४८,५७६चाही नाही. ती ६४ किलोबिटच्या लाइनवर पाठवायला १८४.३२ सेकंद लागतात. किलो १,०२४चा धरला तर बरोबर १८० सेकंद येतात, आणि असं गुळगुळीत उत्तर कुणी तपासून बघत नाही. म्हणून फाइलच्या एककांची यादी वेगळी आणि दरांची वेगळी. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्ये मान्य केलेले ‘किबी’ (१,०२४), ‘मेबी’ (१०,४८,५७६) फक्त पहिल्या यादीत राहतील.

८ जानेवारी

मोडेमचा तक्ता. ‘बेल’ आणि ‘व्ही.’ने सुरू होणारी नावं मोडेमच्या मानकांची. प्रत्येक ओळीत दोन रकाने सक्तीचे: सेकंदाला सिग्नल किती वेळा बदलतो (बॉड) आणि प्रत्येक बदलात किती बिट जातात.

बेल १०३ हा १९६२चा. ३०० बॉड, १ बिट, म्हणजे ३०० बीपीएस (सेकंदाला बिट). इथे दोन्ही आकडे सारखे आहेत आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळही इथेच आहे. व्ही.२२ आणि बेल २१२ए: ६०० बॉड, २ बिट, १,२०० बीपीएस. व्ही.२२बिस: ६०० बॉडच, पण ४ बिट, २,४०० बीपीएस. व्ही.३२: २,४०० बॉड, ४ बिट, ९,६०० बीपीएस. व्ही.३२बिस: २,४०० बॉड, ६ बिट, १४,४०० बीपीएस.

व्ही.२२च्या घराण्यात ६०० बॉडवरच का थांबले, हे तक्त्याच्या टिपेत लिहायला हवं. दोनच तारा, त्यावर दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलणं, त्यामुळे आवाजाच्या पट्ट्याचे (फोनवरून जाणाऱ्या वारंवारतांचे) दोन भाग करून एकेक दिशेला दिलेले. व्ही.३२ मध्ये मोडेम आपणच पाठवलेल्या सिग्नलचा परत येणारा प्रतिध्वनी हिशोबाने वजा करायला शिकले. दोन्ही दिशांना अख्खा पट्टा मिळाला आणि बॉड एकदम चौपट झाला. १९८४च्या सुमाराला एवढी गणना करणारं यंत्र टेबलावरच्या डब्यात बसवणं ही फार मोठी मजल होती, आणि मला वाटतं तिची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही.

व्ही.३२च्या ओळीत एक खास खूण. ट्रेलिस कोडिंग चालू असेल तेव्हा प्रत्येक सिग्नलमागे ५ बिट जातात, त्यातला १ चुका ओळखायला मदत करणारा जादा. वापरकर्त्याला मिळतात ४च. म्हणजे ‘सिग्नलमागे बिट’ हाही एकच आकडा नाही. दोन रकाने केले: तारेवरचे आणि मिळणारे.

आता ‘२४०० बॉड’ टाकलं तर काय दाखवायचं? १९८०च्या दशकातल्या डायल-अपच्या कागदात हे लिहिलेलं असेल तर लिहिणाऱ्याला जवळजवळ नेहमी २,४०० बीपीएस म्हणायचं असतं, आणि त्या मोडेमचा खरा बॉड ६०० असतो. पण व्ही.३२च्या तांत्रिक कागदात तेच शब्द अक्षरशः खरे असतात आणि दर ९,६०० असतो. चौपट फरक. अंदाज बांधून उत्तर द्यायचं नाही. साधन विचारेल: ‘हा आकडा सिग्नलचा की बिटांचा? मानक माहीत आहे का?’ माहीत नसेल तर दोन्ही उत्तरं एकाखाली एक.

११ जानेवारी

व्ही.३४ने आकडे साठवण्याची पद्धत बदलायला लावली. १९९४ला २८,८००, मग १९९६ला ३३,६००. याला सहा बॉड आहेत: २,४००, २,७४३, २,८००, ३,०००, ३,२०० आणि ३,४२९. लाइन कशी आहे हे दोन्ही मोडेम आधी तपासून बघतात आणि त्यातला एक निवडतात.

२,७४३ आणि ३,४२९ हे छापण्यापुरते गोल केलेले आकडे. मुळात सगळेच २,४००चे साधे अपूर्णांकी पट आहेत: सात-सहांश पट म्हणजे २,८००, पाच-चतुर्थांश म्हणजे ३,०००, चार-तृतीयांश म्हणजे ३,२००. तसंच आठ-सप्तमांश पट म्हणजे २,७४२.८५७... आणि दहा-सप्तमांश म्हणजे ३,४२८.५७१... ३,४२९ला ९.८ने गुणलं तर ३३,६०४.२ येतात, आणि असा दर अस्तित्वातच नाही. २४,०००/७ ला ९.८ने गुणलं की काटेकोर ३३,६००.

म्हणून दशांश संख्या बंद. सगळे दर अंश-छेद अशा जोडीने पूर्णांकांत साठवायचे आणि गोल करायचं ते फक्त पडद्यावर दाखवताना.

सिग्नलमागे ९.८ बिट हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं. व्ही.३४ बिट एकेका सिग्नलला मोजून वाटत नाही, अनेक सिग्नलांच्या गटाला मिळून वाटतो, म्हणून सरासरी अपूर्णांकात येऊ शकते. २८,८०० तर तीन वाटांनी येतो: ३,०००वर ९.६ बिट, ३,२००वर ९ बिट, ३,४२९वर ८.४ बिट. बिटांवरून बॉड काढायला सांगितलं तर इथे उत्तर एक नाही, तीन आहेत. साधनाने तिन्ही दाखवावेत. ३३,६००ला मात्र एकच वाट: ३,४२९. जिची वरची वारंवारता कापलेली आहे अशा लाइनवर तो कधीच मिळायचा नाही, तो यामुळे.

१२ जानेवारी

लीज्ड लाइनचा तक्ता डिजिटलपासून सुरू करायचा नाही. आधी भाड्याच्या ॲनालॉग लाइन होत्या: तोच आवाजाचा पट्टा, पण कायम जोडलेला, चार तारांचा, आणि विकृती कमी व्हावी म्हणून दुरुस्त केलेला. जाण्याच्या तारा वेगळ्या, येण्याच्या वेगळ्या, म्हणजे प्रतिध्वनीचा प्रश्नच नाही. व्ही.२६: १,२०० बॉड, २ बिट, २,४००. व्ही.२७: १,६०० बॉड, ३ बिट, ४,८००. व्ही.२९: २,४०० बॉड, ४ बिट, ९,६००, साल १९७६. व्ही.३३: १४,४००, साल १९८८.

व्ही.२९ आणि व्ही.३२ यांचा दर, बॉड, बिट सगळं सारखं. मध्ये आठ वर्षं. ती वर्षं चार तारांचं काम दोन तारांवर आणण्यात गेली. हे दोन तक्ते शेजारी ठेवले की डायल-अप आणि लीज्ड लाइन यांच्यातलं नातं इतकं स्पष्ट दिसतं की दोन्ही एकाच पडद्यावर ठेवायचं ठरवलं.

१८ जानेवारी

डिजिटल बाजू. इथे सगळ्याचं मूळ एकच आकडा: ८,०००. आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजमाप ८ बिटांत. त्यातून ६४,०००. सगळे डिजिटल लीज्ड दर या ठोक्यावर चालतात, म्हणून तक्त्यात दर न लिहिता ‘८,०००च्या एका ठोक्यात किती बिट’ हे लिहिते आहे. पडताळणी आपोआप होते.

८ बिट: ६४,०००.
७ बिट: ५६,०००.
६ बिट: ४८,०००.

अमेरिकी ५६ किलोबिट लीज्ड लाइन ही दुसऱ्या ओळीतली. जुन्या टी१वर प्रत्येक सहाव्या आणि बाराव्या फ्रेममध्ये (सगळ्या चॅनेलांचा एकेक बाइट मिळून एक फ्रेम) आवाजाच्या चॅनेलचा सर्वांत हलका बिट सिग्नलिंगसाठी काढून घेत. बोलणाऱ्याच्या कानाला ते जाणवत नाही, डेटाला मात्र एकही बिट बिघडलेला चालत नाही. शिवाय तारेवर फार वेळ नुसती शून्यं गेली तर रिपीटरांचं (वाटेत सिग्नल ताजा करणाऱ्या यंत्रांचं) घड्याळ निसटायचं, म्हणून डेटाच्या चॅनेलमध्येही आठवा बिट डेटाला देता येत नसे. शून्यांच्या रांगेऐवजी ठरलेली खूण पाठवणाऱ्या बी८झेडएस कोडिंगने शून्यांचा प्रश्न सुटला, पण ५६चे करार पुढे बरीच वर्षं चालू राहिले.

तिसरी ओळ मला फार आवडली. कमी वेगाच्या डिजिटल सेवा एका चॅनेलमध्ये एकत्र बसवताना प्रत्येक बाइटमधला एक बिट जुळवणीसाठी आणि एक नियंत्रणासाठी जायचा. उरले ६ बिट, म्हणजे ४८,०००. त्यात ९,६००चे ५, ४,८००चे १० किंवा २,४००चे २० ग्राहक. ६४,००० भागिले ९,६०० केलं तर ६.६७ येतात आणि सहा ग्राहक बसतील असं वाटतं. बसायचे पाच.

१९ जानेवारी

व्ही.९० (१९९८) डायल-अपच्या तक्त्यात टाकलं, पण ते निम्मं लीज्ड लाइनच्या तक्त्यातलंच आहे.

आधी मर्यादेचा हिशोब. पट्टा ३,१०० हर्ट्झ, सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण ३० डेसिबल धरलं तर पट्टा आणि गोंगाट यांवरून कमाल दर सांगणाऱ्या शॅननच्या सूत्राने सुमारे ३०,९००. ३५ डेसिबल धरलं तर सुमारे ३६,०००. म्हणजे व्ही.३४चे ३३,६०० या कुंपणाला जवळजवळ टेकलेले. मग ५६,००० आले कुठून?

गोंगाटाचा मोठा वाटा ॲनालॉग सिग्नलचं ८ बिटांत रूपांतर करताना आकडे गोल करण्यातून येतो. सेवा देणारी बाजू जर एक्स्चेंजला डिजिटल लाइननेच जोडलेली असेल, तर खाली येणाऱ्या दिशेला असं रूपांतर होतच नाही. मोडेम सरळ ८ बिटांचे आकडे पाठवतो आणि ग्राहकाच्या एक्स्चेंजमध्ये त्यांचे व्होल्टेज होतात. ठोके ८,०००, त्यातले वापरण्याजोगे जास्तीत जास्त ७ बिट. तेच ५६,०००. वरच्या दिशेला रूपांतर टळत नाही, म्हणून तिथे ३३,६००च. व्ही.९२ने (२०००) ती दिशा ४८,०००पर्यंत नेली.

यामुळे प्रत्येक ओळीला ‘दिशा’ हा रकाना. व्ही.२३चे १,२०० आणि ७५ हेही त्यातच बसतात.

व्ही.९०च्या पायऱ्या: सहा ठोक्यांची एक चौकट, म्हणजे सेकंदाला ८,०००/६ चौकटी. चौकटीत एक बिट वाढला की दर १,३३३⅓ ने वाढतो. २१ बिटांना २८,०००, ४२ बिटांना ५६,०००. मोडेमच्या नोंदीत ‘कनेक्ट ४९३३३’ दिसतं ते ३७ बिटांचं, खरा दर ४९,३३३⅓. ३८ बिटांचा दर काही मोडेम ५०६६६ लिहितात, काही ५०६६७. दोन्ही एकाच पायरीला जोडले. अमेरिकेत लाइनवरच्या सिग्नलच्या शक्तीला एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाची मर्यादा होती, त्यामुळे तिथे ४० बिटांच्या, म्हणजे ५३,३३३च्या पलीकडे जाता येत नसे.

२५ जानेवारी

टी आणि ई पदक्रम, म्हणजे डिजिटल लाइनच्या चढत्या पायऱ्या. प्रत्येक ओळीला तीन दर लागले.

टी१: २४ चॅनेल, प्रत्येकी ८ बिट म्हणजे १९२, वर फ्रेमचा १ बिट. १९३ गुणिले ८,००० म्हणजे १५,४४,०००. वापरायला १५,३६,०००. चॅनेल ७ बिटांचे असतील तर १३,४४,०००.

ई१: ३२ खाने, २५६ बिट, २०,४८,०००. शून्यावा खाना फ्रेम जुळवायला, म्हणून डेटाला १९,८४,०००. सोळावा सिग्नलिंगला दिला तर १९,२०,०००.

उत्तर अमेरिका आणि जपान टी१च्या बाजूला. युरोप, भारत आणि बहुतेक बाकीचं जग ई१च्या. दोन्हींच्या मध्ये डेटा गेला की ज्याचा दर कमी त्याचा नियम लागतो. अमेरिकेतल्या ५६च्या टोकापासून युरोपातल्या ६४च्या टोकापर्यंतचा मार्ग ५६चाच.

‘फ्रॅक्शनल टी१, ६ चॅनेल’ टाकलं की साधन आता ३,८४,००० आणि ३,३६,००० असे दोन आकडे देतं आणि चॅनेल पूर्ण आठ बिटांचे आहेत की सात बिटांचे, ते विचारतं.

वरच्या पायऱ्यांवर गुणाकार जमत नाही. चार ई१ म्हणजे ८१,९२,०००, पण ई२ आहे ८४,४८,०००. चार ई२ म्हणजे ३,३७,९२,०००, ई३ आहे ३,४३,६८,०००. अठ्ठावीस टी१ म्हणजे ४,३२,३२,०००, टी३ आहे ४,४७,३६,०००. कारण असं की प्रत्येक ई१ आपापल्या घड्याळावर चालतो आणि ते घड्याळ दहा लाखांत ५० भाग पुढेमागे असलेलं चालतं. असे चार प्रवाह एकत्र विणायचे तर हळू चालणाऱ्यात भरीचे बिट घालावे लागतात आणि भर कुठे घातली हेही सांगावं लागतं. त्यासाठी जादा जागा.

एसडीएच या नंतरच्या पद्धतीत सगळं जाळं एकाच घड्याळाला बांधलेलं. तिची मूळ पायरी एसटीएम-१: ९ ओळी, २७० स्तंभ, ८ बिट, ८,००० ठोके, म्हणजे १५,५५,२०,०००. एसटीएम-४ त्याच्या बरोबर चौपट, ६२,२०,८०,०००. तिथे गुणाकार चालतो. पण आत ई१ किती बसतात हे भागाकाराने ठरवायचं नाही: भागाकार ७५.९ सांगतो, रचनेत बसतात ६३.

आता डायल-अपचे कॉल. एक कॉल, मोडेम २,४००चा असो की ३३,६००चा, एक्स्चेंजमध्ये पूर्ण ६४,०००चा एक चॅनेल अडवतो. ई१वर ३० कॉल. टी१वर जुन्या सिग्नलिंगने २४, आयएसडीएन या डिजिटल फोन सेवेच्या प्रायमरी जोडणीने २३, कारण एक चॅनेल सिग्नलिंगला जातो. हे ३० कॉल ३३,६००नेच भरून वाहत असले तरी ते ग्राहकांचे १०,०८,०००च बिट. ई१च्या जवळपास अर्धी जागा मोडेमच्या सुरांचे नमुने वाहण्यात जाते. म्हणून ‘किती मोडेम म्हणजे एक ई१’ या प्रश्नाला साधन दोन वेगळी उत्तरं देईल. फोन लाइन म्हणून: ३०. ग्राहकांचा डेटा मोडेममधून बाहेर काढून दुसऱ्या ई१वर पुढे नेताना क्षमता म्हणून: १९,८४,००० भागिले ३३,६००, म्हणजे ५९. जुन्या आराखड्यांत आत येणाऱ्या लाइनचे ई१ चार आणि बाहेर जाणारा एक किंवा दोनच का दिसतो, तेही यातून उलगडतं. सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेगाने घेत नाहीत, हा दुसरा भाग. पण तो अंदाजाचा विषय आहे, परिवर्तकाचा नाही.

१ फेब्रुवारी

अक्षरं. डायल-अपवर साधारण ८ बिटांच्या अक्षराला आधी १ आरंभ-बिट आणि शेवटी १ थांबा-बिट, एकूण १०. म्हणून २,४०० बीपीएस म्हणजे २४० अक्षरं. ७ बिट, पॅरिटी (चूक ओळखणारा बिट) आणि एक थांबा-बिट धरले तरी १०च. पण ११० बॉडच्या टेलीटाइपला दोन थांबा-बिट, एकूण ११, म्हणून सेकंदाला बरोबर १० अक्षरं. ५० बॉडच्या टेलेक्सला ५ बिटांचं अक्षर आणि दीड थांबा-बिट, एकूण ७.५, मिनिटाला ४०० अक्षरं. अक्षराची लांबी अर्ध्याच्या पटीत घेता यायला हवी. अंश-छेद साठवण आधीच असल्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

डिजिटल लीज्ड लाइनवर आरंभ-थांबा नसतो. तिथे बाइट ८ बिटांचा.

एका मित्राने तक्ता पाहून विचारलं, ‘अरे मग सरळ सांग ना, ६४ची लीज्ड लाइन २८.८च्या मोडेमच्या किती पट?’ त्याच्यासाठी काढलेला हिशोब इथे ठेवते, कारण तो साधनाच्या मुखपृष्ठावर जायला हवा.

नुसते बिट: २.२२ पट.

चूक-दुरुस्ती नसलेला मोडेम, १० बिटांचं अक्षर: ८,००० विरुद्ध २,८८०, म्हणजे २.७८ पट.

व्ही.४२ ही चूक-दुरुस्ती चालू असेल तर मोडेम आरंभ आणि थांबा बिट काढून टाकतो आणि अक्षरं चौकटीत भरून पाठवतो. वरची मर्यादा ३,६००. चौकटीत १२८ बाइट माल आणि सुमारे ६ बाइट आवरण. शिवाय सलग पाच १ आले की मध्ये एक ० घालायचा नियम. बेतरतीब डेटात हे सरासरी दर ६२ बिटांमागे एकदा होतं. उरतात सुमारे ३,३८०. लीज्ड लाइनवर एचडीएलसी या चौकटीत भरण्याच्या पद्धतीची १,५०० बाइटची चौकट आणि ७ बाइट आवरण धरलं, शून्य घालण्याचा तोच नियम लावला, तर सुमारे ७,८४०. प्रमाण २.३२.

तिन्ही उत्तरं खरी. कुठलं लागू, हे मोडेममध्ये काय चालू होतं त्यावर ठरतं.

२ फेब्रुवारी

‘कनेक्ट ११५२००’. मोडेमच्या नोंदींत हे वारंवार येतं आणि तो लाइनचा दर नाही. संगणक आणि मोडेम यांच्यातल्या सीरियल पोर्टचा दर आहे. पोर्टच्या चिपला १८,४३,२०० हर्ट्झचा स्फटिक, त्याला १६ने भागलं की १,१५,२००. पुढे २, ३, ६, १२ने भागून ५७,६००, ३८,४००, १९,२००, ९,६००.

पोर्ट लाइनपेक्षा वेगवान ठेवायचा तो कॉम्प्रेशनसाठी. व्ही.४२बिस उत्तम परिस्थितीत चौपट दाबतो. २८,८००च्या चौपट नेमके १,१५,२००. आधीच दाबलेल्या फाइलला काहीच फायदा नाही. म्हणून कॉम्प्रेशनचा गुणक साधन स्वतः धरणार नाही, वापरकर्त्याने द्यायचा, आणि निकाल पोर्टच्या दरावर अडवायचा. ३३,६००च्या चौपट १,३४,४०० होतात, पण १,१५,२००च्या पोर्टमधून ते जाऊच शकत नाहीत.

ओळखीचा नियम: डायल-अपच्या संदर्भात ३८,४००, ५७,६००, १,१५,२०० आले तर ‘हा पोर्टचा दर आहे, लाइनचा नाही’ अशी स्पष्ट सूचना. १९,२०० आणि ९,६०० दोन्हीकडे असू शकतात, तिथे विचारायचं.

८ फेब्रुवारी

आयएसडीएन. २ बी चॅनेल ६४,०००चे आणि १ डी चॅनेल १६,०००चा, एकूण १,४४,०००. डेटाला बहुधा १,२८,०००. नंबर फिरवून जोडायचं म्हणून डायल-अप, बिट मात्र लीज्ड लाइनसारखे. दोन्ही तक्त्यांत दाखवलं, माहिती एकाच ठिकाणी साठवली.

२२ फेब्रुवारी

चाचण्या. उत्तर हाताने काढता येईल अशी फाइल हवी होती. पुन्हा ती १४,७४,५६० बाइटची फ्लॉपीच घेतली, कारण तिचे भागाकार सुरेख सुटतात. चूक-दुरुस्ती बंद, १० बिटांचं अक्षर:

३०० वर १३ तास ३९ मिनिटं १२ सेकंद.
२,४०० वर १ तास ४२ मिनिटं २४ सेकंद.
९,६०० वर २५ मिनिटं ३६ सेकंद.
१४,४०० वर बरोबर १,०२४ सेकंद.
२८,८०० वर ५१२.

आवरण न धरता, टी१च्या १५,३६,००० वर ७.६८ सेकंद, ई१च्या १९,२०,००० वर ६.१४४.

सगळी उत्तरं अंश-छेदापर्यंत जुळली. ३०० आणि टी१ यांच्यातलं प्रमाण ६,४०० पट येतं, नुसत्या १५,४४,००० भागिले ३०० ने ते ५,१४७ आलं असतं. जोडणी होईपर्यंतचा मोडेमच्या सुरांचा वेळ वेगळ्या रकान्यात ठेवला, तो वापरकर्ता भरेल. छोट्या फाइलला तोच सगळ्यात मोठा खर्च असतो आणि लीज्ड लाइनला तो शून्य.

१ मार्च

शेवटची भर एटीएमची (डेटा ठरावीक आकाराच्या छोट्या सेलमध्ये पाठवण्याची पद्धत), कारण ई१ आणि टी१वर तेही चालायचं. ५३ बाइटच्या सेलमध्ये ४८ बाइट माल. १९,२०,०००चे उरतात सुमारे १७,३८,८६८, १५,३६,०००चे सुमारे १३,९१,०९४. पण इथेही सरसकट ४८/५३ने गुणून भागत नाही. एएएल५ हे पॅकेट सेलमध्ये भरण्याचं मानक प्रत्येक पॅकेटच्या शेवटी ८ बाइट जोडतं आणि शेवटचा सेल अर्धवट राहिला तरी पूर्ण पाठवतं. ४० बाइटचं पॅकेट एका सेलमध्ये नेमकं मावतं, ४१ बाइटच्याला दोन सेल लागतात. म्हणून एटीएम निवडलं की साधन पॅकेटचा आकार विचारतं, आणि तो दिल्याशिवाय ‘वापरायचा दर’ हा रकाना रिकामा ठेवतं.